मायएसक्यूएल ५.५ वरून मारियाडीबी १०.११ वर: क्लिनिकच्या डेटाबेसचा काही महिन्यांचा अनुभव

क्लिनिकच्या सॉफ्टवेअरमागचं डेटाबेस इंजिन, म्हणजे सगळ्या नोंदी साठवणारा प्रोग्राम, बदललं म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "वेग वाढला का?" वाढला. पण केवळ वेगासाठी एवढा खटाटोप करा असं मी कुणाला सांगणार नाही. जुन्या इंजिनात चुकीची किंवा अर्धवट नोंद गेली तरी ते गप्प बसायचं. नवं इंजिन ती नोंद तिथेच अडवतं. काही महिने रोज वापरल्यावर मला या बदलाचं मोल त्यातच दिसतं.

आमच्याकडे अनेक डॉक्टर, दोन रिसेप्शन, बिलिंग आणि लॅब एकाच डेटाबेसवर चालतात. सॉफ्टवेअर जुनं आहे, पण कंपनी अजून त्याला सपोर्ट देते. मागे मायएसक्यूएल ५.५ होतं आणि जवळजवळ सगळी टेबलं (नोंदींचे तक्ते) मायआयसॅम या साठवणुकीच्या जुन्या प्रकारची होती. ५.५ आलं डिसेंबर २०१० मध्ये आणि त्याचा सपोर्ट संपला डिसेंबर २०१८ मध्ये. म्हणजे त्यानंतर त्यात सापडलेली सुरक्षेची कोणतीही भोकं बुजवली गेली नाहीत. नेहमीच्या दुकानाच्या हिशेबाचं एक वेळ चालून जाईल, पण लोकांचे आजार, औषधं, तपासण्या ज्यात आहेत तिथे "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" हे उत्तर मला पटत नव्हतं.

मायएसक्यूएल ८.० सोडून मारियाडीबी का? जागच्या जागी अपग्रेड करायचं तर मायएसक्यूएलमध्ये ५.६, ५.७, मग ८.० अशा पायऱ्या चढाव्या लागतात. शिवाय ८.० मध्ये लॉगिनची नवी पद्धत डीफॉल्ट आहे आणि आमच्या सॉफ्टवेअरचा जुना कनेक्टर (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणारा भाग) तिला ओळखतच नाही. 'रँक' सारखे काही शब्द तिथे राखीव झालेत. तेच कॉलमचं नाव असेल तर क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) मोडते. त्यात ८.० चा सपोर्टही एप्रिल २०२६ पर्यंतचाच. मारियाडीबी १०.११ हे फेब्रुवारी २०२३ चं दीर्घ मुदतीचं व्हर्जन, फेब्रुवारी २०२८ पर्यंत चालणारं, आणि जुन्या कनेक्टरला ते निमूटपणे आत घेतं. मायएसक्यूएल ज्यांनी घडवलं त्या मॉन्टी विडेनियस यांनीच २००९ मध्ये त्यातून फुटून मारियाडीबी सुरू केलं, त्यामुळे घराणं एकच. सॉफ्टवेअर कंपनीने लेखी होकार दिल्यावरच आम्ही पुढे गेलो. तो होकार नसेल तर थांबा, हे अगदी मनापासून सांगते.

आता त्या गप्प बसण्याबद्दल. जुन्या इंजिनात स्ट्रिक्ट मोड, म्हणजे चुकीची नोंद नाकारण्याची सोय, डीफॉल्टने बंद असायचा. कॉलम शंभर अक्षरांचा असेल आणि कुणी दीडशे अक्षरं टाइप केली, तर पहिली शंभर ठेवून उरलेली टाकून दिली जायची. स्क्रीनवर मात्र "सेव्ह झाले" असंच दिसायचं. इंजिन आतल्या आत एक वॉर्निंग नोंदवायचं, पण ती वाचणारं सॉफ्टवेअर मी तरी फारसं पाहिलेलं नाही. आमच्याकडे अ‍ॅलर्जीचा रकाना नेमका शंभर अक्षरांचा होता.

डेटा हलवण्याआधी मी एक साधी क्वेरी चालवली: ज्या नोंदींची लांबी बरोबर शंभर आहे, तेवढ्याच दाखव. आलेली यादी पाहून पोटात गोळा आला. एक नोंद पेनिसिलीनपासून सुरू होऊन सल्फा, अ‍ॅस्पिरिन, प्रत्येकाने काय त्रास झाला ते सांगत "आयोडीनच्या कॉन्ट्रा" इथे तुटली होती. कॉन्ट्रास्ट हा शब्द पुरा करता येतो, पण त्यापुढे काय लिहिलं होतं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. डॉक्टरांनी यादी पाहिली आणि त्या प्रत्येक रुग्णाच्या फाइलवर "अ‍ॅलर्जी पुन्हा विचारा" अशी खूण करायला सांगितलं. तुमच्याकडे जुनं इंजिन असेल तर अपग्रेड करा अथवा नका करू, ही क्वेरी मात्र आजच चालवा. अ‍ॅलर्जी, चालू औषधं, पूर्वीच्या शस्त्रक्रिया, असा मोकळा मजकूर असलेल्या प्रत्येक रकान्यावर चालवा.

तारखांचंही तेच. ३० फेब्रुवारी अशी जन्मतारीख टाकली तर जुनं इंजिन तिचा शून्य दिवस, शून्य महिना, शून्य वर्ष करून ठेवायचं. मग वयाचा हिशेब कोलमडायचा, आणि लहान मुलांचा डोस ठरवताना वय हे काही शोभेचं नसतं. अशा शून्य तारखा आमच्याकडे अपेक्षेपेक्षा बऱ्याच निघाल्या.

इथे एक खाचखळगा आहे. डंप फाइल (सगळ्या डेटाची फाइलमध्ये काढलेली नक्कल) नव्या सर्व्हरवर चढवताना ती फाइल स्वतःच सुरुवातीला स्ट्रिक्ट मोड बाजूला ठेवते. त्यामुळे सगळा कचरा विनातक्रार आत येतो आणि "एकही एरर नाही, डेटा स्वच्छ आहे" असा गैरसमज होतो. १०.११ च्या डीफॉल्ट मोडमध्ये शून्य तारीख चालतेही, फक्त ३० फेब्रुवारीसारखी अशक्य तारीख अडवली जाते. म्हणून घाण शोधायचं काम आपलंच.

नवं इंजिन लागल्यावर पहिले काही दिवस रिसेप्शनवर कुरबुर झाली. "मजकूर रकान्यापेक्षा लांब आहे" असा एरर यायचा आणि सेव्ह व्हायचंच नाही. सॉफ्टवेअर कंपनीच्या सपोर्टवरच्या माणसाने फोनवर सांगितलं की सेटिंग फाइलमध्ये एक ओळ रिकामी करा, स्ट्रिक्ट मोड जाईल, सगळं पहिल्यासारखं चालेल. मी साफ नकार दिला. पहिल्यासारखं चालणं हाच तर रोग होता. पाठपुरावा करून रकाने रुंद करणारा पॅच मागवला, आणि तो येईपर्यंत लांब मजकूर दुसऱ्या मोठ्या रकान्यात लिहायची सवय सगळ्यांना लावली. आज तो एरर क्वचित दिसतो. दिसला की कुणीतरी मला हाक मारतं, आणि मला ते हवंच आहे.

देवनागरी नोंदींचा घोळ वेगळाच. जुनी टेबलं लॅटिन-१ या रोमन लिपीच्या अक्षरसंचाची आणि सॉफ्टवेअर त्यात यूटीएफ-८ चे, म्हणजे देवनागरीही लिहिता येणाऱ्या पद्धतीचे, बाइट कोंबणारं. सॉफ्टवेअरमधून नावं नीट दिसायची, पण दुसऱ्या कुठल्याही साधनाने उघडली की चिन्हांचा पसारा. सरळ डंप घेऊन चढवला असता तर तो पसाराच कायमचा झाला असता. उपाय असा: डंप घेताना अक्षरसंच लॅटिन-१ सांगायचा म्हणजे बाइट जसेच्या तसे बाहेर येतात. मग फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्या यूटीएफ८एमबी४ (डेटाबेसमधलं पूर्ण यूटीएफ-८) करायच्या आणि त्याच अक्षरसंचात चढवायची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणून जोडाक्षरांनी भरलेली काही नावं जुन्या रकान्यात शेवटी अर्धीच राहिली होती. ती केसपेपर काढून हाताने दुरुस्त करावी लागली.

वेगाबद्दल सांगायचं तर, फरक पडला तो इंजिनच्या नावामुळे कमी आणि मायआयसॅम जाऊन इनोडीबी हा टेबलांचा दुसरा प्रकार आल्यामुळे जास्त. व्हर्जन बदललं म्हणून टेबलं आपोआप इनोडीबी होत नाहीत, ती मुद्दाम बदलावी लागतात. मायआयसॅममध्ये लॉक (एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) अख्ख्या टेबलाला लागतो. बिलिंगवाल्याने महिन्याचा रिपोर्ट लावला की ते टेबल वाचण्यात गुंतायचं. तेवढ्यात रिसेप्शनने एक अपॉइंटमेंट बदलली की ती नोंद रांगेत थांबायची. लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यापेक्षा प्राधान्य असल्याने त्या थांबलेल्या नोंदीमागे नंतरचे सगळे वाचणारेही अडकायचे. एका रिपोर्टपायी सगळे स्क्रीन गोठायचे आणि समोर रुग्ण उभे. इनोडीबीत लॉक ओळीपुरता असतो आणि साध्या वाचण्याला लॉकच लागत नाही. आता भर गर्दीत रिपोर्ट लावला तरी रिसेप्शनला त्याचा पत्ता लागत नाही.

याचा पुरता फायदा मिळायचा तर बफर पूल (इनोडीबी डेटा हाताशी ठेवते ती मेमरी) वाढवायलाच हवा. डीफॉल्ट आहे १२८ एमबी, म्हणजे काहीच नाही. आमचा सर्व्हर १६ जीबीचा, त्यातले ८ जीबी दिले. मायआयसॅमसाठी राखलेली 'की बफर' नावाची मेमरी मात्र कमी केली.

वीज गेल्यावरचं चित्रही पालटलं. पूर्वी सर्व्हर अचानक बंद पडला की एखादं टेबल "क्रॅश झालंय, दुरुस्त करा" म्हणायचं, आणि दुरुस्तीत काही ओळी गळतील की काय याची धाकधूक असायची. इनोडीबी आधी लॉगमध्ये लिहितं आणि पुन्हा सुरू होताना त्यावरून स्वतः सावरतं. मध्यंतरी यूपीएस दमला तेव्हा सर्व्हर उठला, लॉग वाचला आणि काम सुरू झालं, मला काही करावं लागलं नाही. वेगासाठी त्या लॉगचं सेटिंग १ वरून २ करा असा सल्ला जिकडेतिकडे मिळतो. तसं केलं तर वीज गेल्यावर शेवटच्या सेकंदभरातल्या नोंदी जाऊ शकतात. क्लिनिकमध्ये ते १ वरच असू द्या. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी: बिल आणि पावती एकत्र सेव्ह व्हावी किंवा एकही होऊ नये, ही हमी सॉफ्टवेअरने ट्रान्झॅक्शन वापरलं तरच मिळते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये काही ठिकाणी ते अजून नाही.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. डेटा डिस्कवर बराच जास्त जागा खातो. "एकूण रुग्ण" हा आकडा मायआयसॅम चुटकीसरशी द्यायचं कारण तो तिथे लिहूनच ठेवलेला असायचा; इनोडीबी दर वेळी मोजत बसतं, म्हणून मुख्य स्क्रीन उघडायला किंचित वेळ लागतो. काही याद्यांचा क्रम बदलला, कारण त्यांच्या क्वेरीत क्रम सांगितलेलाच नव्हता आणि मायआयसॅम साधारण भरलेल्या क्रमाने ओळी द्यायचं. एका डॉक्टरांच्या स्क्रीनवर मागच्या भेटी उलटसुलट दिसू लागल्या. ते कंपनीकडून दुरुस्त करून घ्यावं लागलं.

बॅकअपबद्दल विशेष जपून. पुष्कळ ठिकाणी रात्री डेटाचा फोल्डर कॉपी करणं हाच बॅकअप असतो. मायआयसॅमवर सर्व्हर निवांत असेल तर ते कसंबसं भागायचं. चालू इनोडीबीचा फोल्डर कॉपी केला तर ती कॉपी ऐन वेळी उघडेलच असं नाही. त्यासाठी मारियाडीबीचं स्वतःचं बॅकअप साधन किंवा एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये घेतलेला डंप हवा. डंप घेताना प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेल्या आज्ञा) आणि इव्हेंट (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) वेगळे मागावे लागतात, ट्रिगर (नोंद बदलताच चालणाऱ्या आज्ञा) तेवढे आपोआप येतात. आमच्याकडे उद्याच्या अपॉइंटमेंटच्या आठवणीचे एसएमएस एका इव्हेंटवर चालतात. रंगीत तालमीतच कळलं की डंप तो घेऊन आलाच नाही, आणि मारियाडीबीत इव्हेंट शेड्युलर डीफॉल्टने बंदही असतो.

त्या रंगीत तालमीबद्दल माझा आग्रह आहे. वेगळ्या मशीनवर पूर्ण डेटा चढवा, सॉफ्टवेअरची एक कॉपी त्याला जोडा आणि रोजची कामं खरोखर करून पाहा: नवा रुग्ण, जुन्या रुग्णाचं प्रिस्क्रिप्शन, बिल, परतावा, लॅबचा रिपोर्ट. आकडे जुळवताना चेकसमवर (टेबलाच्या मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्यावर) विसंबू नका; टेबलाचा प्रकार बदलला की तो बदलू शकतो. आम्ही प्रत्येक टेबलाच्या ओळी मोजल्या, महिन्यामहिन्याच्या बिलांच्या बेरजा दोन्हीकडे काढल्या आणि काही गुंतागुंतीच्या फाइली डॉक्टरांना स्वतः उघडून वाचायला दिल्या. कुठला आकडा विचित्र आहे हे त्यांच्याइतकं पटकन कुणालाच दिसत नाही. जुना सर्व्हर अजून कपाटात आहे, नेटवर्कपासून तोडलेला, फक्त वाचण्यापुरता.

पुढचं काम स्कॅन केलेल्या रिपोर्टांचं. ते सगळे डेटाबेसच्या आतच साठवलेले आहेत, म्हणून डंप फुगतो आणि मोठी फाइल सेव्ह करण्यासाठी पॅकेटची (एका वेळी पाठवायच्या डेटाची) १६ एमबीची मर्यादा वाढवून ठेवावी लागली आहे. ते बाहेरच्या फोल्डरमध्ये काढून देण्याचं कंपनीने मान्य केलं आहे. ते झालं की मारियाडीबी ११.४ वर जायची तालीम सुरू करणार, त्याचा सपोर्ट मे २०२९ पर्यंत आहे.