एम.एस्सी. नर्सिंग की क्रिटिकल केअर प्रॅक्टिशनर?

बी.एस्सी. नर्सिंग आणि वॉर्डातला वर्षभराचा अनुभव झाला, की लातूर-नांदेडकडच्या पोरी बहुधा डोळे झाकून एम.एस्सी. धरतात. दोन वर्षं, प्रबंध, मग कॉलेजात शिकवायची नोकरी. घराजवळ राहायचं तर हेच बरं.

नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर हाही दोन वर्षांचाच, पण रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत शिकायचं. बहुतेक वेळ आयसीयूत: व्हेंटिलेटरची सेटिंग, एबीजीचा (रक्तातल्या वायूंच्या तपासणीचा) रिपोर्ट, प्रोटोकॉलप्रमाणे पुढचा निर्णय. कापूस-सोयाबीनच्या हंगामात फवारणीचं विष भिनलेला पेशंट आला, की उताऱ्याचं औषध अ‍ॅट्रोपिन किती, थांबवायचं कधी, यावर सतत नजर ठेवणारं माणूस लागतं. मला हाच कोर्स उजवा वाटतो. गोम एवढीच, की या नावाचं पद सगळीकडे मंजूर नसतं. शिक्षण जास्त आणि पगार स्टाफ नर्सचा, असंही होतं.