मेरिनो लोकरीचे मोजे: केदारकंठाच्या बर्फासाठी घ्यावेत का?

घ्यावेतच. सह्याद्रीत चालणारे सुती मोजे सांक्रीच्या, म्हणजे उत्तराखंडातल्या या शिखराच्या पायथ्याच्या गावाच्या, पुढे नेऊ नका. सुती धागा घाम धरून ठेवतो, त्यामुळे पाय गारठतात आणि ओली, मऊ पडलेली कातडी घासून फोड येतात. मेरिनो लोकर (मेरिनो जातीच्या मेंढीची मऊ लोकर) स्वतःच्या वजनाच्या साधारण तीस टक्के ओलावा शोषूनही ओलसर लागत नाही.

खरेदी करताना लेबल वाचा. ६० ते ७० टक्के मेरिनो, बाकी नायलॉन आणि थोडं इलॅस्टिक, हे मिश्रण उत्तम. शंभर टक्के लोकर टाचेला लवकर विरते. मोजा उलटा करून बोटांजवळची शिवण चाचपा. जाड शिवण म्हणजे करंगळीला फोड ठरलेला. आत पातळ सिंथेटिक मोजा घातला तर घर्षण दोन मोज्यांमध्ये होतं, कातडीवर नाही.

मात्र दोन जाड मोजे घट्ट बुटात कोंबणं ही सर्रास होणारी चूक आहे. रक्तपुरवठा दबतो आणि पाय उलट जास्त गार पडतात. बोटं मोकळी हलली पाहिजेत. बूट याच मोज्यांवर घालून बघा.

तीन जोड्या पुरतात, त्यातली एक फक्त झोपताना. दमट मोजे शेकोटीवर धरू नका, नायलॉन वितळतं. स्लीपिंग बॅगमध्ये अंगाजवळ ठेवा. घरी थंड पाण्यात धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा.

किंमत सुती मोज्यांच्या कितीतरी पट आहे, पण इथे काटकसर नको. बर्फ बुटात शिरत असेल तर मात्र गेटरच (बुटावरून पोटरीपर्यंत घालायची आवरणं) लागतील.