फॅनग्राफ्स: क्षेत्ररक्षण बाजूला ठेवून पिचर पाहण्याची सोय

बेसबॉलमध्ये पिचरची, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणाऱ्याची, योग्यता पिढ्यानपिढ्या ईआरएवर, म्हणजे नऊ डावांमागे प्रतिपक्षाने काढलेल्या आणि त्याच्या नावावर लागणाऱ्या धावांवर (कमी तितके चांगले), जोखली गेली. क्षेत्ररक्षकाच्या नोंदलेल्या चुकीमुळे झालेल्या धावा त्यातून वगळतात हे खरे. परंतु जो शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) चेंडूपर्यंत पोहोचतच नाही त्याच्या नावावर चूकही लागत नाही, आणि त्या फटक्याचे फळ पिचर भोगतो. २००१ साली वोरोस मॅक्क्रॅकन यांनी असे मांडले की, मैदानात खेळल्या गेलेल्या चेंडूंपैकी किती हिट (फलंदाजाला बेसवर सुखरूप पोहोचवणारे फटके) ठरतात यावर पिचरचा ताबा समजला जातो त्याहून फारच कमी असतो. या विचारातून निघालेले आकडे एकत्र पाहायचे असतील, तर फॅनग्राफ्स या अमेरिकी संकेतस्थळाइतकी चांगली सोय मला दुसरीकडे आढळली नाही. मात्र तिथला एक आकडा जपून वाचावा लागतो.

पिचरच्या पानावर ईआरएच्या शेजारीच टॉम टँगो यांचा एफआयपी, म्हणजे क्षेत्ररक्षण वगळून काढलेला पिचरचा आकडा, दिसतो. होमरनला (थेट मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याला) १३, वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) आणि फलंदाजाच्या अंगावर बसलेला चेंडू यांना प्रत्येकी ३ आणि स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइकवर फलंदाज बाद होण्याला) उणे २ असा भार देऊन बेरजेला डावांनी भागायचे व त्यात सुमारे ३.१० चा स्थिरांक मिळवायचा, एवढेच त्याचे गणित आहे. हा स्थिरांक दर मोसमाला असा ठरवतात की संपूर्ण लीगचा एफआयपी लीगच्या ईआरएइतकाच यावा, त्यामुळे दोन्ही आकडे एकाच मापाने वाचता येतात.

या मांडणीचे मोल पेड्रो मार्टिनेझच्या पानावर कळते. १९९९ मध्ये बॉस्टनसाठी खेळताना त्याचा ईआरए २.०७ होता आणि २००० मध्ये १.७४, म्हणजे दुसरे वर्ष सरस. एफआयपी मात्र १९९९ साठी १.३९ आणि २००० साठी २.१७ असा उलटा क्रम लावतो. कारण त्याच ओळीत बॅबिपच्या रकान्यात आहे: खेळात आलेल्या चेंडूंवरचे हिटचे प्रमाण पहिल्या वर्षी .३२० च्या वर, तर दुसऱ्या वर्षी .२४० च्या आत. १९९९ मधले ३१३ स्ट्राइकआउट आणि अवघे ९ होमरन ही त्याची स्वतःची कमाई होती. होमरनमधला दैवाचा भागही काढू पाहणाऱ्या एक्सएफआयपीचा रकाना मात्र या दोन्ही वर्षांत कोरा आहे, कारण त्याला लागणारी उंच फटक्यांची नोंद २००२ पासूनचीच आहे.

आता तो जपून वाचायचा आकडा. वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूच्या तुलनेत एखाद्याने संघाला मिळवून दिलेले जादा विजय. फॅनग्राफ्स पिचरचा वॉर एफआयपीवर बेततो (इनफिल्डमधले, म्हणजे बेसांजवळच्या आतल्या मैदानातले, उंच झेल तो स्ट्राइकआउटसारखेच धरतो), आणि बेसबॉल-रेफरन्स हे दुसरे संकेतस्थळ प्रत्यक्ष दिलेल्या धावांवरून निघून क्षेत्ररक्षणाची वजावट करतो. म्हणून कमजोर फटके खेळायला लावणाऱ्या पिचरला इथे थोडे कमी माप मिळण्याचा संभव राहतो. काइल हेंड्रिक्सचा २०१६ मधला ईआरए २.१३ आणि एफआयपी ३.२० होता, या फरकात त्याच्या शिकागो कब्ज संघाच्या उत्तम क्षेत्ररक्षणाचा वाटा किती आणि त्याच्या स्वतःच्या हाताचा किती, हे वॉरचा एकच आकडा सांगू शकत नाही. संकेतस्थळाने हे लपवलेले नाही, कारण खालच्या तक्त्यात धावांवर आधारलेला आरए९-वॉरही दिलेला आहे. पण वरच्या ओळीवरच थांबणारा वाचक तिथवर क्वचितच जातो. तो रकाना वर आणायला हरकत नव्हती.

दुसरी उणीव मला अधिक खटकते. क्षेत्ररक्षण वगळण्याचा एवढा खटाटोप करूनही, पिचरच्या मागे उभा असलेला संघ कसा होता हे त्याच पानावर दिसत नाही. त्यासाठी संघांच्या यादीत जाऊन शोधावे लागते. बेसबॉल-रेफरन्सच्या तक्त्यात मात्र आरए९-डेफ या नावाचा रकाना आहे आणि संघाच्या क्षेत्ररक्षणाने पिचरच्या किती धावा वाचवल्या वा वाढवल्या ते तो नऊ डावांमागे दाखवतो. फॅनग्राफ्सवर असा रकाना येईपर्यंत ही दोन्ही पाने शेजारीशेजारी उघडून ठेवणेच सोयीचे.