शहरातल्या झूमधले हत्ती: तिथेच ठेवायचे, मोठ्या झूत पाठवायचे की सँक्च्युअरीत?

झूचा नवीन प्लॅन जाहीर होतो तेव्हा माकडांच्या किंवा पक्ष्यांच्या पिंजऱ्यावरून कोणी फारसं भांडत नाही, खरी भांडणं होतात ती हत्तींवरून. मग सह्यांची मोहीम, जनसुनावणी, कौन्सिलमध्ये मतदान आणि दोन्हीकडचे लोक तावातावाने बोलणारे. तुम्हाला अशा वेळी सही करायची असेल, देणगी द्यायची असेल किंवा नुसतं मत ठरवायचं असेल तर समोर साधारण तीनच रस्ते असतात, आहेत तिथेच मोठं नवं एक्झिबिट (हत्तींना ठेवायचं आणि दाखवायचं आवार) बांधायचं, दुसऱ्या मोठ्या झूमधल्या कळपात पाठवायचं किंवा सँक्च्युअरीत, म्हणजे अभयारण्यात नव्हे तर प्रदर्शनातून सुटलेल्या हत्तींसाठी राखलेल्या मोठ्या कुंपणाच्या जागेत, न्यायचं. माझं मत आधीच सांगून टाकतो. म्हाताऱ्या एक-दोन हत्तिणीच उरल्या असतील तर सँक्च्युअरी, पिल्लंबिल्लं असलेला कळप असेल तर तो न फोडता जिथे राहील तिथे. तिथल्या तिथे नवं बांधकाम हे मला बहुतेक वेळा पटत नाही.

का पटत नाही ते सांगतो. एक्झिबिटं आजवर बदलत आली ती बरीचशी आपल्या, म्हणजे बघणाऱ्यांच्या, सोयीने. १९०७ मध्ये जर्मनीत हॅम्बुर्गला प्राण्यांचा व्यापारी हागेनबेकने आपल्या झूत पिंजऱ्यांचे गज काढून टाकले आणि खंदक खणले, लोकांना वाटलं प्राणी मोकळे झाले. लंडन झूने १९६५ मध्ये हत्ती-गेंड्यांसाठी काँक्रीटची एक इमारत बांधली, आजही ती वास्तुकलेचा वारसा म्हणून जपलेली आहे पण हत्ती २००१ मध्येच तिथून शहराबाहेरच्या विप्सनेड झूच्या मोकळ्या जागेत हलवावे लागले. सिएटलच्या वुडलँड पार्क झूने १९७० च्या दशकात पुढची पायरी गाठली, बघणाऱ्यालाच जंगलात उभं असल्यासारखं वाटेल अशी झाडी आणि पायवाटा. गोरिलांना त्याचा खरंच फायदा झाला. हत्तीचं तसं नसतं हो, तो दिवसाला शंभर-दीडशे किलो चारा खातो, झाडाची साल सोलतो, फांद्या मोडतो, म्हणून झाडी टिकवायची तर तिच्याभोवती करंटची तार लावावी लागते. म्हणजे फोटोत दिसणारी हिरवळ पुष्कळदा तारेच्या आपल्या बाजूला असते. नव्या एक्झिबिटचं चित्र दाखवलं की मी पहिलं हेच बघतो, यातल्या कुठल्या कुठल्या गोष्टीला सोंड लागते आणि किती नुसती दुरून बघायची आहे.

दुसरं म्हणजे जमीन. झूमधले हत्ती मारावे लागतात, म्हणजे वेदनेतून सोडवण्यासाठी इंजेक्शन द्यावं लागतं, त्यामागे पाय आणि सांधे हे फार मोठं कारण आहे. कडक फरशीवर वर्षानुवर्षं उभं राहून तळवे चिरतात, नखांच्या कडेला गळू होतं, ते हाडापर्यंत गेलं की संपलंच. चांगल्या झूमध्ये ही कामं बघण्यासारखी असतात, हत्तीण गजांच्या खालच्या फटीतून स्वतःहून पाय बाहेर ठोकळ्यावर ठेवते, कीपर बाहेरूनच नख कानशीने घासतो, भेगा धुतो, मध्येमध्ये खाऊ देतो आणि तिला नको झालं तर ती पाय काढून निघून जाते. अंकुश नाही की साखळी नाही. उत्तर अमेरिकेतल्या झूंमधल्या हत्तींवर २०१६ मध्ये जे अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले त्यातही हेच पुढे आलं की नुसत्या क्षेत्रफळापेक्षा सोबत किती आहे, पायाखाली काय आहे आणि दिवसभर करायला काही आहे का याला जास्त वजन आहे. एकर मोजून भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे वाचायला हवं.

आता पहिला पर्याय, तिथेच मोठं बांधायचं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणून पोर्टलंडच्या ओरेगॉन झूचं नाव घेतात, २०१५ मध्ये उघडलेलं सहा एकरांचं एलिफंट लँड्स, वाळू, पोहायला खोल तळं, चारा वेगवेगळ्या ठिकाणी आणि उंचावर ठेवायची सोय, म्हणजे खायचं तर चालायला लागतंच. तिथे कळप आहे म्हणून ते चालतं. याउलट लॉस एंजेलिस. ४.२ कोटी डॉलर खर्चून २०१० मध्ये नवं एक्झिबिट उघडलं, कोर्टकचेऱ्या झाल्या, बिली नावाचा नर कित्येक वर्षं तसाच डोकं हलवत उभा राहतो म्हणून आंदोलनं झाली, मग २०२३ आणि २०२४ मध्ये दोन म्हाताऱ्या हत्तिणी गेल्या आणि उरलेले बिली आणि टीना २०२५ मध्ये ओक्लाहोमातल्या तुल्साच्या झूला पाठवले. पंधरा वर्षांत एवढं मोठं एक्झिबिट रिकामं! म्हणून बांधकामाच्या बाजूने असाल तर हत्तींची वयं आधी विचारा. हत्ती साठीपर्यंत जगू शकतो पण बांधायलाच पाच-सहा वर्षं जाणार असतील आणि हत्तिणी पन्नाशीला आल्या असतील तर ते कोणासाठी बांधताय?

आणि पैसा असला म्हणून सुटतं असंही नाही. अलास्का झूत मॅगी नावाची एकटी आफ्रिकन हत्तीण होती, तिथली थंडी अशी की महिनोन्महिने आत राहावं लागायचं, तर तिच्या व्यायामासाठी खास हत्तीच्या मापाची ट्रेडमिल बनवली. ती त्यावर चाललीच नाही. शेवटी २००७ मध्ये हवाई दलाच्या विमानातून तिला कॅलिफोर्नियाच्या पॉज सँक्च्युअरीत नेलं आणि २०२१ पर्यंत ती तिथे इतर हत्तिणींबरोबर जगली.

दुसरा पर्याय मोठ्या झूचा. इथे सोबत मिळते आणि हत्तीला सोबत म्हणजे काय ते बघायचं असेल तर एप्रिल २०२५ चा सॅन दिएगो झू सफारी पार्कचा व्हिडिओ आठवा, भूकंपाचा धक्का बसल्याबसल्या मोठ्या हत्तिणी धावत येऊन छोट्यांभोवती बाहेर तोंड करून गोल उभ्या राहिल्या. हे एकट्या-दुकट्या हत्तीला कुठलंच एक्झिबिट देऊ शकत नाही. मोठ्या झूंमध्ये पैसा, डॉक्टर, रिसर्च सगळं असतं, पिल्लांना मारणाऱ्या हत्तींच्या हर्पीस व्हायरसवर ह्यूस्टन झूने २०२४ मध्ये एमआरएनए लस द्यायला सुरुवात केली तीही अशाच ठिकाणी शक्य होती.

पण कळप म्हणजे कुठल्याही चार हत्तिणी एकत्र कोंबणं नव्हे. जंगलात त्या आई, मावशी, बहिणी असतात. इथे अनोळखी. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स झूमध्ये हॅपी या हत्तिणीची जोडीदारीण ग्रंपी हिच्यावर दुसऱ्या दोघींनी हल्ला केला, ती जखमांतून उठली नाही, आणि पुढे हॅपीला वेगळं ठेवावं लागलं. ही तीच हॅपी जिने आरशात बघून स्वतःच्या कपाळावरच्या खुणेला सोंड लावली होती (२००६). सिएटलच्या झूमधल्या चाय आणि बांबू या हत्तिणी २०१५ मध्ये सँक्च्युअरीची मागणी डावलून ओक्लाहोमा सिटी झूला पाठवल्या, चाय वर्षही काढू शकली नाही, जानेवारी २०१६ मध्ये गेली. त्याआधी तिचं पिल्लू, हान्सा, सहा वर्षांची असताना हर्पीसनेच गेलं होतं. शिवाय कळप टिकवायचा तर नवे हत्ती लागतात आणि ते पुरेसे जन्मत नाहीत, म्हणून २०१६ मध्ये आफ्रिकेतल्या स्वाझीलंडमधून १७ हत्ती अमेरिकेतल्या तीन झूंमध्ये आणले. मला हे अजिबात मान्य नाही. सायन्स या नियतकालिकातला २००८ चा अभ्यास तर फारच बोचरा आहे, युरोपातल्या झूमध्ये जन्मलेल्या आफ्रिकन हत्तिणींचं मध्यम आयुष्य १६.९ वर्षं आणि केनियातल्या अँबोसेलीच्या जंगलात नैसर्गिक मरण आलेल्यांचं ५६. झूवाले म्हणतात त्यात जुन्या काळातले हत्ती धरलेत, देखभाल सुधारली आहे, आणि त्यात तथ्यही आहे, पण हे अंतर फक्त त्याने भरून निघत नाही.

तिसरा पर्याय सँक्च्युअरी. टेनेसीतली १९९५ ची, कॅलिफोर्नियातली पॉजची, दोन्हीकडे जागा हजारो एकरांत. डेट्रॉइट झूच्या संचालकांनी २००४ मध्ये स्वतःच जाहीर केलं की इथल्या थंडीत विंकी आणि वांडाला ठेवणं बरोबर नाही, दोघींनाही संधिवात होता, आणि २००५ मध्ये त्या पॉजला गेल्या. झूनेच पुढाकार घेतला म्हणून मला हे उदाहरण सगळ्यात जवळचं वाटतं. टोरोंटोत मात्र कौन्सिलने २०११ मध्ये मतदान करून ठरवलं, झूच्या स्टाफचा विरोध, पॉजमधल्या हत्तींकडून टीबी लागेल ही भीती, झूंच्या संघटनेने दिलेली मान्यताही गेली, आणि तीन हत्तिणी पॉजला पोचल्या ऑक्टोबर २०१३ मध्ये.

तोटे लपवून चालणार नाही. सँक्च्युअरी म्हणजे जंगल नव्हे, तिथेही कुंपण आणि गोठा आहे. टीबी तिथेही होतो. तिथे गेलेले हत्ती आधीच मोडकळीला आलेले असतात, टोरोंटोची इरिंगा दोन वर्षांच्या आत गेली, आणि मग लोक म्हणतात बघा, काय मिळालं? मिळालं ते हे की शेवटचे महिने तिने मातीवर काढले, मला ते थोडं वाटत नाही. पण सँक्च्युअरी हा शब्द कोणीही पाटीवर लिहू शकतो, त्यामुळे नीट तपासा. हत्तीवर बसवत असतील, पर्यटकांना अंघोळ घालायला लावत असतील, पिल्लं पैदा करत असतील तर तो धंदा आहे.

कोर्ट हे ठरवून देईल अशी आशा ठेवू नका. हॅपीला झूतून सोडवण्यासाठी केलेला खटला न्यूयॉर्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात २०२२ मध्ये ५ विरुद्ध २ ने फेटाळला गेला, कोलोरॅडोतल्या पाच हत्तिणींचाही २०२५ मध्ये. त्यामुळे निर्णय शेवटी शहराचा, म्हणजे तुमचाच.

हत्ती गेल्यावर झू ओसाड पडेल ही भीती सगळीकडे असते. डेट्रॉइटने त्या जागेत गेंडे आणले, सिएटलनेही २०१८ मध्ये तिथे एकशिंगी गेंडे आणले, दोन्ही झू चालू आहेत. म्हणून सुनावणीला गेलात तर मी सांगेन की एकर आणि कोटी बाजूला ठेवून हे विचारा: झू बंद झाल्यावर संध्याकाळपासून सकाळपर्यंत हत्ती कुठे आणि कशावर उभे असतात, गेल्या वर्षभराचा पायांचा रेकॉर्ड दाखवा, यातली एक गेली तर उरलेल्यांचं काय करणार, आणि हलवायचं ठरलं तर क्रेटमध्ये शांतपणे जाण्याचं ट्रेनिंग कधी सुरू करणार. त्या ट्रेनिंगलाच कित्येक महिने लागतात, तेव्हा तारीख लेखी घ्या.