स्पर्शदिव्यांची जोडी: कल्पना मोलाची, रचना शहरी घरांची

माझे यजमान चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करतात आणि मी यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावी सासू-सासऱ्यांसोबत राहते. दिवाळीत त्यांनी ऑनलाइन मागवलेल्या स्पर्शदिव्यांपैकी एक गावी आहे, दुसरा त्यांच्या खोलीवर. एकाला हात लावला की इंटरनेटद्वारे दुसराही त्याच रंगात उजळतो. एवढेच घडते, आणि तेवढेच मला हवे होते. फोनवर बोलायला विषय लागतो, घरातले सगळे ऐकत असतात आणि संभाषण कापसाच्या भावावर येऊन थांबते. दिवा उजळला की ते सुखरूप खोलीवर आले, आणि आल्या आल्या त्यांना माझी आठवण झाली, हे कुणाला काही न सांगता मला कळते.

ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील एमआयटी या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या मीडिया लॅबमध्ये १९९७ साली स्कॉट ब्रेव्ह आणि अँड्र्यू डॅली यांनी 'इनटच' मांडले होते. त्यात एकाने लाकडी रूळ फिरवले की दूरच्या व्यक्तीच्या हाताखालचे रूळही फिरत. तिथे दोघांचे हात एकाच वेळी रुळांवर असू शकत होते. आमच्या दिव्यात तो जिवंतपणा नाही, पण रोजच्या वापराला तो सोपा आहे.

अडचण गावात सुरू होते. दिव्याला २.४ गिगाहर्ट्झ या एकाच लहरीवरचे वाय-फाय चालते आणि आमच्याकडे वाय-फाय म्हणजे माझ्या मोबाइलचे हॉटस्पॉट. त्यामुळे मी मोबाइल घेऊन वावरात गेले की दिव्याचा संपर्क तुटतो. आत बॅटरी नसल्याने वीज गेली की तो विझतो, आणि त्या वेळात तिकडून झालेला स्पर्श नंतर दिसतच नाही. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते, तेव्हा त्यांनी हात लावला होता की नाही, हे विचारायला शेवटी फोनच करावा लागतो. हा दोष मला सर्वांत जास्त खुपतो. शिवाय रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत त्यांनी मोबाइलवरील ॲपमधून संकेत पाठवला की माजघर लख्ख उजळते आणि सासूबाईंची झोपमोड होते. उजेड मंद करण्याची सोयच दिलेली नाही.

ज्यांच्याकडे ब्रॉडबँड, इन्व्हर्टर आणि स्वतःची खोली आहे, त्यांनी ही जोडी जरूर घ्यावी. आमच्यासारख्या घरांसाठी उत्पादकांनी चुकलेला स्पर्श जपून ठेवून वीज आल्यावर तो दाखवण्याची सोय करावी. तोवर पॉवर बँक आणि घरी राहणारा एक जुना मोबाइल यांचा खर्च किमतीत धरूनच खरेदी करावी.