गुलाबावरचा लाल कोळी: औषध मारायचं की मित्रकोळी सोडायचे?

मावळात डिसेंबरात बेंडिंग (गुलाबाच्या फांद्या वाकवणं) उरकलं की पॉलिहाऊसवाल्यांचं सगळं लक्ष व्हॅलेंटाइनच्या तोडणीवर. ऊन चढायला लागलं की पानांवर बारीक पांढुरके ठिपके दिसतात: पानातला रस शोषणाऱ्या लाल कोळ्याची ही खूण. तापमान 30 अंशांच्या आसपास असेल तर अंड्यापासून पूर्ण कोळी व्हायला जेमतेम आठवडा लागतो, म्हणून निर्णय लांबवून चालत नाही.

कोळीनाशकाचा फायदा उघड आहे: लगेच मिळतं, लगेच दिसतं. पण दुकानदार ‘रिझल्ट आहे’ म्हणाला की कशावर, ते विचारा. अ‍ॅबामेक्टिन पानात झिरपून खालच्या बाजूच्या कोळ्यापर्यंत पोचतं, अंड्यांवर मात्र त्याचा भरवसा नाही. हेक्सिथायाझॉक्सचं उलटं: अंडी आणि पिल्लं मरतात, मोठे कोळी जिवंत राहतात. एकच औषध लागोपाठ मारलं की कोळी त्याला दाद देईनासा होतो. ब्रँड बदलला म्हणजे औषध बदललं असं नव्हे. डब्यावरचा घटक वाचा, लेबलवर गुलाब आहे का तेही बघा.

मित्रकोळी म्हणजे लाल कोळ्याला खाणारे कोळी. त्यांपैकी पर्सिमिलिस सर्वांत खादाड, पण जाळी करणारे कोळी संपले की उपाशी मरतो आणि कोरड्या उन्हाळ्यात ढेपाळतो. तिथे कॅलिफोर्निकस बरा, तो परागकणांवरही तग धरतो. दोन्हींचा पुरवठा आधी पक्का करावा लागतो.

खरी मेख फुलकिड्यांत आहे. त्यांच्यासाठी तुम्ही सिंथेटिक पायरेथ्रॉइड मारणार असाल तर मित्रकोळ्यांवर पैसे घालूच नका. ते मरतील आणि लाल कोळी दुप्पट जोमाने उठेल.

दाबाने पानांच्या खालून पाणी मारणं दोन्ही वाटांना चालतं. फक्त सकाळी मारा; पानं रात्री ओली राहिली तर डाऊनी हा बुरशीचा रोग आलाच.

तोडणी तोंडावर आणि शेंड्याला जाळी दिसतेय? मी औषधच मारेन. निर्यातीच्या पेटीत जिवंत कोळी परवडत नाही. मित्रकोळी सोडायचे तर तोडणीनंतर, जुनी पानं काढून, आधीच्या फवारणीचा अंश ओसरल्यावर, आणि कीड थोडी असतानाच. मग दर आठवड्याला भिंग घेऊन पानाची खालची बाजू बघायची. किडीचं अंडं गोल, पर्सिमिलिसचं लांबट आणि जवळपास दुप्पट मोठं. लांबट अंडी वाढत असतील तर पंपाला हात लावू नका.