दोन महिन्यांचं पिल्लू, चार वर्षांची गोदा की गल्लीतला मोत्या?

माझी मावसबहीण चिंचवडला राहते. नवरा-बायको दोघंही नोकरीवाले, मुलगी नऊ वर्षांची, सासूबाई दुपारपर्यंत घरी. गेल्या महिन्यात कुत्रं पाळायचं ठरवून तिने मला लागोपाठ तीन फोटो पाठवले. एकात बुटांच्या खोक्यात झोपलेलं तपकिरी पिल्लू, दुसऱ्यात कान पाडून बसलेली मोठी कुत्री, तिसऱ्यात बरगड्या दिसणारा लॅब्राडोर. खाली एवढंच, "ताई, यातलं कुठलं?"

फोनवर जे तुटक तुटक सांगितलं ते इथे नीट मांडते. आमच्याकडे पिल्लू आणि मोठी कुत्री, दोन्ही प्रकार झालेत. चिंगी दोन महिन्यांची आली, गोदा चार वर्षांची. (गोदाचं वय डॉक्टरांनी दात बघून सांगितलेलं, तेव्हा एखादं वर्ष इकडेतिकडे.)

पिल्लाबद्दल सगळ्यांचं एकच म्हणणं असतं, लहानपणापासून आणलं की आपल्या वळणावर जातं. खरं आहे, पण वळण लावायला घरात माणूस लागतो. दोन महिन्यांच्या पिल्लाला दर दोन-तीन तासांनी शू लागते, रात्रीसुद्धा. बरं, बाहेर न्यावं तर कुठे? सहा ते आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी एक डोस, असं चार महिन्यांपर्यंत चालतं. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. तोवर सोसायटीच्या बागेत सोडायचं नाही, कारण पार्व्हो, पिल्लांना रक्ताची हगवण लावणारा जीवघेणा विषाणू. तो मातीत महिनोन्‌महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच वापरावं लागतं. चिंगीचा भाऊ शेजारच्या इमारतीत गेला होता. सोमवारी त्याने जेवण टाकलं, मंगळवारी रक्ताची हगवण, शुक्रवारी सलाईन चालू असतानाच गेला. त्या घरातली मुलगी चौथीत होती. खोक्यातला फोटो बघताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरी गोष्ट चावण्याची. दुधाचे दात सुईसारखे असतात, ते पडून नवे येईपर्यंत सहावा महिना उजाडतो. चावताना जोर किती लावायचा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांशी खेळता खेळता शिकतं, म्हणून आठ आठवड्यांच्या आधी आईपासून तोडलेलं पिल्लू जास्त जोरात चावतं. रस्त्यावर पिल्लू दिसलं आणि आसपास आई असेल तर लगेच उचलू नका, दया आली तरी. आणि ते मोठेपणी कसं निघेल हे कुणीच सांगू शकत नाही. आमची चिंगी गोड निघाली, पण पाहुण्यांवर आजही भुंकते. सात वर्षं झाली.

आता मोठी कुत्री. इथे नशिबावर सोडायची गोष्ट कमी. ती फॉस्टरकडे, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळणाऱ्याकडे, महिनाभर राहिलेली असेल तर तिचा स्वभाव त्या माणसाला पाठ असतो. फक्त प्रश्न नेमके विचारायला हवेत. किती तास एकटी राहते? लिफ्टमध्ये येते का? जेवताना कुणी ताटलीजवळ गेलं तर काय करते? मांजरं, लहान मुलं, दुसरे कुत्रे चालतात का? कधी कुणाला चावली आहे का, आणि कशावरून? "खूप शांत आहे हो" या उत्तरावर थांबू नका. शेल्टरमध्ये कोपऱ्यात न हलता बसलेली कुत्री बऱ्याचदा शांत नसते, भीतीने गोठलेली असते. शेपूट पोटाखाली, सारखी जीभ ओठांवरून फिरते, झोप नसताना जांभया, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. असा कुत्रा नाकारा असं मी म्हणत नाही, पण घरी आल्यावर त्याचा खरा स्वभाव दोन महिन्यांनी कळेल एवढं धरून चाला.

गोदा अशीच गोठलेली होती. आणली त्या दिवशी सव्वीस तास तिने शू केली नाही. जन्मभर माती आणि गवत सोडून दुसरं काही माहीत नव्हतं, आमच्याकडे फरशी आणि खाली पार्किंगमध्ये पेव्हर ब्लॉक. शेवटी शेजारी बांधकामाला वाळूचा ढीग पडला होता, तिथे नेल्या नेल्या बसली आणि मी भर रस्त्यात "शाब्बास!" म्हणून ओरडले. अकरा रात्री ती वॉशिंग मशीनमागे झोपली. कुकरची शिट्टी, केरसुणी, मिक्सर, सगळ्याला घाबरायची. रेस्क्यूवाले तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा हिशेब सांगतात: आधी बुजणं संपतं, मग घराची सवय होते, मग घर आपलं वाटतं. क्रम बरोबर आहे, आकडे मनावर घेऊ नका. पण शू-शीचं शिक्षण चार दिवसांत संपलं, चप्पल एकही फाडली नाही, आणि आम्ही कामाला गेलो की सहा तास निवांत झोपते. चिंगीला हे जमायला वर्ष लागलं.

मोठ्या कुत्रीचा खर्च पहिल्या महिन्यात येतो. रक्ततपासणी कराच, गोचीडतापाचे जंतू वरून दिसत नाहीत, भूक मंदावली आणि हिरड्या पांढुरक्या पडल्या की लक्षात येतं. रस्त्यावरच्या मादीला माजावर नसताना रक्त जात असेल तर योनीतली गाठ असू शकते. ऐकून दचकायला होतं, पण आठवड्याला एक असं व्हिन्क्रिस्टीनचं (केमोथेरपीचं औषध) इंजेक्शन चार-सहा वेळा दिलं की सहसा बरी होते. कानाला खाच असेल तर नसबंदी आणि रेबीजची एक लस झालेली असते. आमची बिलं काढून पाहिली, वर्षाअखेर दोघींचा आकडा जवळजवळ सारखाच.

लॅब्राडोरबद्दल थोडक्यात. फ्लॅटच्या आकाराचा विचार न करता घेतात, केस गळायला लागले की सोडतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पाळलेलं जनावर सोडून देणं गुन्हा आहे, पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये. यात चहासुद्धा चौघांचाच होतो! टाकलेल्या मादीची आचळं लोंबत असतील तर ब्रीडरने पिल्लं काढून काढून सोडली असण्याची शक्यता मोठी; नसबंदी झाली नसेल तर गर्भाशय आधी तपासून घ्या. स्वभाव बहुधा लोण्यासारखा, पण खुबे आणि वजन यांचं दुखणं मागे लागतं. जिना चढून राहत असाल तर नको.

आणि बहिणीच्या फोटोंत नसलेला चौथा, म्हणजे गल्लीतला मोत्या. आठ वर्षांचा, वाण्याच्या पायरीवर झोपणारा, अख्ख्या गल्लीला ओळखणारा. त्याला तिसऱ्या मजल्यावर कोंडून त्याचं भलं होतं असं मला वाटत नाही. नसबंदी, दरवर्षी रेबीजची लस आणि ठरलेल्या जागी पोळी, एवढं केलंत तरी पुष्कळ. महापालिकेमार्फत रस्त्यावरचा कुत्रा रीतसर दत्तक घेता येतो, पण २२ ऑगस्ट २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते. जमलं नाही म्हणून खाली सोडला, असं नाही चालत.

माझं मत विचाराल तर दिवसभर घरी कुणी नसेल किंवा पहिलंच जनावर असेल तर मोठी कुत्री. घरी कायम माणूस असेल आणि पुढची तेरा-चौदा वर्षं दिसत असतील तर पिल्लू. आमच्या सासऱ्यांनी सत्तराव्या वर्षी पिल्लाचा हट्ट धरला होता, वर्षं मोजली तेव्हा स्वतःच हसले आणि गोदाला फिरवायला लागले.

बहिणीने मधल्या फोटोतली निवडली, आधी पंधरा दिवस फॉस्टर म्हणून. तिला शेवटचं सांगितलं ते असं: नवीन कुत्री पळते ती बहुतेक पहिल्या आठवड्यात, गाडीतून उतरवताना नाहीतर दार उघडं राहिल्यावर. म्हणून दोन पट्टे लाव, एक गळ्यात, एक हार्नेसला (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याला), आणि फोन नंबरचा बिल्ला घरी पोचायच्या आधीच अडकव.